चौकोनी चिरूट

पेटीत स्वेटर शोधताना चपटी लाकडी डबी हाताला लागली. तिच्यातला गोडसर वास अजून गेलेला नाही. बाहत्तर साल असेल. नगरच्या कॅम्पात मी एका साहेबांची गाडी चालवायचो. बदलीवर जाताना त्यांनी याच डबीतून दिलेला भारीतला चौकोनी चिरूट मी गावी सोनईला वडिलांसाठी नेला. “दबला व्हय रं ह्यो?” म्हणत त्यांनी तो गोल करायला तळहातांत वळला, तसं वरचं पान तडकलं. मग चिलमीसारखा मुठीत धरून त्यांनी झुरका घेतला. “धूर गोड हाय, पर ठसका न्हाई,” म्हणाले आणि चिरूट माझ्यापुढे धरला. “वढ.” तोवर मी गोठ्यामागं लपून बिडी ओढायचो. खाली मान घालून मी झुरका मारला. चव विचाराल तर काय सांगू? त्यांचा पुढे आलेला हात तेवढा अजून दिसतो.