तिसरा प्रश्न

"म्हणजे मूळचे कुठले?" हा प्रश्न विचारण्याआधी ते चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि पुन्हा डोळ्यांवर चढवून समोरच्या माणसाकडे नीट पाहायचे. चष्मा स्वच्छ असला तरी पुसायचे. आम्ही मंडळातली माणसं तेवढ्यात खुर्च्या सरसावून बसायचो, कारण पुढे काय होणार ते आम्हाला पाठ होतं आणि तरीही ऐकायला आवडायचं.

तुमच्याही सोसायटीत असे एक गृहस्थ असतील. नसतील असं वाटत असेल, तर नवीन माणूस आला की पहिला प्रश्न कोण विचारतं ते जरा आठवून पाहा. कदाचित तुम्हीच विचारत असाल.

आमचे हे गृहस्थ म्हणजे दहिसरच्या आमच्या ज्येष्ठ मंडळाचे सेक्रेटरी. चाळ होती तेव्हापासून होते, चाळ पाडून तिथे दोन विंगांचा टॉवर उभा राहिला तरी होतेच. त्यांना कोणी निवडून दिलं होतं असं मला आठवत नाही. मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर्स सांभाळलं. नट कुठल्या खणात, बोल्ट कुठल्या खणात, वॉशर कुठल्या डब्यात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. निवृत्त झाल्यावर खण हातचे गेले, पण सवय राहिली आणि समोर माणसं होती.

त्यांचे प्रश्न तीन. पहिला आडनावाचा. पण आपल्याकडे काही आडनावं अशी आहेत की ती सगळ्याच खणांत सापडतात. त्यांच्यासाठी दुसरा प्रश्न, मूळ गावाचा. आणि तेवढ्यावरही शंका फिटली नाही, तर अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा तिसरा, "कुलदैवत कुठलं हो तुमचं?"

तीन उत्तरं मिळाली की निकाल. "वा! म्हणजे आपल्यातलेच!" असं म्हणून त्यांनी पाठीवर थाप मारली, की त्या माणसाचा चहा सुरू. आणि नुसतं "छान" म्हणाले, तर संपलं. ते "छान" इतकं गोड असायचं की समोरच्याला आपला निकाल लागला आहे हे कळायला आठवडा लागायचा. बिचारा चार दिवस येऊन बसायचा, मंडळी आपापसात बोलत राहायची, पाचव्या दिवशी तो गेटजवळच्या बाकावर एकटा पेपर वाचताना दिसायचा. आम्ही म्हणायचो, त्यांना मिसळायला आवडत नाही वाटतं.

आता मी हे सगळं त्यांच्या माथी मारून मोकळी होते आहे, पण खरं सांगायला हवं. मी "आपल्यातली" होते. माझे यजमान गेले तेव्हा हा माणूस चार दिवस आमच्या दारातून हलला नाही. दाखल्याच्या रांगेपासून नातेवाइकांच्या चहापर्यंत सगळं त्यांनी पाहिलं. "वहिनी, तुम्ही फक्त बसून राहा," म्हणाले. मी बसून राहिले. त्यानंतरही बरीच वर्षं, जिथे उठायला हवं होतं तिथे, मी बसूनच राहिले.

टॉवर झाल्यावर पंचाईत अशी झाली की मंडळाला खाली हॉल हवा होता. सोसायटीच्या कमिटीने अट घातली, मंडळ दोन्ही विंगांना खुलं असेल तरच हॉल. ए विंगमध्ये आम्ही चाळीतले जुने, बी विंगमध्ये फ्लॅट विकत घेऊन आलेले नवे. सेक्रेटरी एका रात्रीत सर्वसमावेशक झाले. हा शब्द त्यांना इतका आवडला की दूध नासलं तरी त्यात तो घालायचे. त्यांनी एक स्वागत समिती नेमली. समितीत ते एकटेच होते. दारावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली, "सर्वांचे सहर्ष स्वागत", आणि खाली बारीक अक्षरात, "प्रथम सेक्रेटरींस भेटावे".

त्या पाटीखालून पहिल्यांदा आत आल्या त्या कदमबाई. बी विंग, नववा मजला. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वर्षापूर्वी नवरा गेलेला, मुलगा सकाळी आठला घर सोडणारा. बाई दारातच म्हणाल्या, "मला फार काही नको. एखाद दिवस खाली आले नाही, तर दुसऱ्या दिवशी कुणी तरी 'काल का नाही आलात' एवढं विचारलं म्हणजे झालं. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, पण ती उघडतात फक्त कुरियरला."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "कदम. म्हणजे मूळच्या कुठल्या?"

"कणकवलीकडच्या."

झालं! हा माणूस खुर्चीतून उठला. "अगो बाय माझे! तू तर आमच्याच वाटेवरची गो!" सत्तरी उलटलेला माणूस सगळ्यांदेखत मालवणीत शिरला. गावची नदी, गावचा बाजार, कुठल्या वळणावर एसटी थांबायची, सगळं निघालं. कदमबाईंना सगळं ठाऊक होतं. पाठीवर थाप मारता येईना, बाई माणूस, म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीवरच दोन थापा मारल्या. "आपल्यातल्याच!"

आनंदाच्या भरात तिसरा प्रश्न राहून गेला. जन्मभराच्या स्टोअर्सच्या नोकरीत न तपासता माल आत घेतला नव्हता, तो त्या दिवशी घेतला.

पुढच्या रविवारी कदमबाई डबा घेऊन आल्या. आत शिरवाळे, तांदळाच्या उकडीच्या शेवया, आणि सोबत गुळाचा नारळरस. सेक्रेटरींनी पहिला घास घेतला. मग म्हणाले, "आयेची आठवण इली." डोळे खरंच भरले होते. मग त्यांनी माझ्याही वाटीतले घेतले.

त्यानंतर प्रत्येक रविवारी डबा. बाई आल्या नाहीत की तेच सगळ्यात आधी विचारायचे, "काल का नाही आलात? आम्ही काय उपाशी बसायचं?" बाई हसायच्या. त्या अडीच महिन्यांत त्यांचा आवाजसुद्धा मोठा झाला होता. आधी दारातून कानोसा घेत आत यायच्या, आता लिफ्टपासूनच हाका मारत यायच्या.

हॉलचं रीतसर उद्घाटन ठरलं. बी विंगचं प्रतिनिधित्व हवं म्हणून समई कदमबाईंनी लावायची, असं सेक्रेटरींनीच सुचवलं. ए विंगमधल्या एकाने हळूच विचारलं, "पण त्यांचे मिस्टर नाहीत ना?" सेक्रेटरी त्याच्या अंगावरच गेले. "कुठल्या काळात आहात? हे मंडळ सर्वसमावेशक आहे!" मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. तो पुढे चार दिवस टिकला.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं निमंत्रण द्यायला नवव्या मजल्यावर गेलो. समई तुम्हीच लावायची, हे दारातच सांगून झालं आणि बाई लगबगीने चहा टाकायला आत गेल्या. बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी निळ्या कोटातली. दोन्हींना ताजा हार.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. पुसला. घातला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर होतं.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "छान. छान आहे हो फ्लॅट."

बाईंना ते नुसतं कौतुक वाटलं. त्या बाल्कनी दाखवायला गेल्या. चहावर साय धरली. सेक्रेटरींनी कप उचलला नाही. मी माझा प्यायले, आणि तेवढ्यावर स्वतःला फार मोठी समजले.

लिफ्टमध्ये ते म्हणाले, "आधी सांगायला नको होतं का त्यांनी?"

त्यांनी विचारलंच नव्हतं, हे साधं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी लिफ्टचे उतरते आकडे वाचत राहिले.

आपल्याकडे कोणी कोणाला हाकलत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. आपण सुसंस्कृत माणसं आहोत. सेक्रेटरींनी फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा ग्रुप काढला, "मंडळ कार्यकारी". त्यात सगळे होते, एक कदमबाई सोडून. जुन्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं पडत राहिली, बैठकीच्या वेळा नव्या ग्रुपवर जाऊ लागल्या. पाचची वेळ साडेचार झाली. बाई पाचला यायच्या तेव्हा कप उपडे झालेले असायचे. रविवारी त्यांनी डबा उघडला तर सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टरांनी गोड बंद केलंय." त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी नातवाचे पेढे आले. सेक्रेटरींनी दोन खाल्ले.

उद्घाटनाला समई कमिटीच्या चेअरमननी लावली. सेक्रेटरी वीस मिनिटं बोलले. "आपलं मंडळ म्हणजे एक कुटुंब. इथे कोणी परकं नाही." कदमबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, नवी साडी नेसून. समई लावायला म्हणूनच घेतली असणार. नाव पुकारलं जाईल म्हणून की काय, पदर सावरून अगदी ताठ बसल्या होत्या. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

काल का नाही आलात, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

शेवटी एका दुपारी नववा मजला गाठला. का, ते नीट सांगता येणार नाही. आदल्या दिवशी गेटजवळच्या बाकावर त्यांना एकटं पेपर वाचताना पाहिलं होतं, एवढंच. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "काल का नाही आलात?"

त्या म्हणाल्या, "एकवीस दिवस झाले. तुमचा काल बराच मोठा असतो."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. पाणी आणून दिलं. शाळेत बाई देतात तसं, पेला हातात देऊन, पिईपर्यंत समोर उभं राहून. मग म्हणाल्या, "चला खाली. साडेचार होतील."

"तुम्हाला वेळ माहीत आहे?"

"इतकी वर्षं वर्गात काढली. मागच्या बाकावर काय चाललंय ते न बघता कळतं."

हॉलमध्ये आम्हाला दोघींना पाहून गप्पा थांबल्या. सेक्रेटरी सवयीने म्हणाले, "या, या." कदमबाईंनी खुर्ची ओढली, नेमकी त्यांच्यासमोर, आणि म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, त्या दिवशी घाईत तुमचा एक प्रश्न राहिला. कुलदैवताचा. विचारा ना. आमच्यात कुलदैवत नसतं, पण उत्तर देईन. मुलांना मी नेहमी सांगायचे, शंका मनात ठेवायची नाही."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. पण पुसेनात. नुसता हातात धरून बसले. "तसं काही नाही हो," म्हणाले. "तसं काहीच नाही."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि बसल्या. त्या दिवशी चहा मी ओतला. पहिला कप कदमबाईंना दिला. ही काही फुशारकी मारण्याची गोष्ट नाही. साध्या एका कपासाठी मला इतकी वर्षं लागली.

सेक्रेटरी त्यानंतरही येत राहिले, पण नव्या माणसाला प्रश्न विचारले नाहीत. पुढे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना घाटकोपरला नेलं. जाताना सगळ्यांना हात जोडले. कदमबाईंपुढे जरा जास्त वेळ थांबले, काही तरी बोलायचं होतं, मग "येतो" एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. तिथल्या टॉवरमध्येही ज्येष्ठांचा कट्टा होता. "पहिल्याच दिवशी मला विचारलं, अंकल, मच्छी खाते हो क्या? मी खरं ते सांगितलं. कोकणातला माणूस, खोटं काय सांगू? तर म्हणाले, 'बहोत अच्छा'." मग म्हणाले, "वहिनी, मी रोज पाचला खाली जातो. बहुतेक त्यांची वेळ बदलली असावी."

मला हसू आलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. ज्या माणसाने माझ्या दारात चार दिवस काढले, तो आता कुठल्या तरी बाकावर एकटा पेपर वाचत होता. फोन ठेवताना ते हळूच म्हणाले, "कदमबाई करतात का हो अजून शिरवाळे?"

हे मी कदमबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "छान." हुबेहूब तेच, तितकंच गोड. आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तरी त्या रविवारी त्यांनी मुलाबरोबर घाटकोपरला डबा पाठवलाच. रिकामा डबा धुऊन परत आला. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती.

परवाची गोष्ट. हॉलच्या दारात एक नवीन बाई उभ्या होत्या, पाटी वाचत. खालची बारीक ओळ आम्ही कधीच खरवडून काढली आहे, पण तिचा डाग राहिला आहे. त्यांनी नाव सांगितलं. आडनाव माझ्या ओळखीचं निघेना. मी चष्मा काढून पुसायला लागले होते. माझ्या तोंडून शब्दही निघून गेले, "म्हणजे मूळच्या…"

कदमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य गिळलं.

"बसा हो," कदमबाईंनी त्यांच्याकडे खुर्ची सरकवली. "रोज साडेचारला. आणि एखाद दिवस नाही आलात, तर काळजी करू नका. या विचारायला येतील." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "एकवीस दिवसांनी."