कोरडे पाय

वजनमापे खात्यात मला सव्वीस वर्षं झाली. नागपुरात इतवारीतल्या दुकानांत जायचं, तराजूच्या पारड्याखाली मेण चिकटवलंय का बघायचं, वजनाच्या बुडातलं शिसं खरवडलंय का बघायचं, हे माझं काम. ते काम मी घरीही करतो. बायको म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादही तळहातावर तोलून मग तोंडात टाकता. यात थट्टा किती आणि वैताग किती, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

आता जे लिहितोय ते पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. पारशिवनीजवळची शेती थोरल्या भावानं सांभाळली आणि मला नागपूरला शिकायला ठेवलं. डबा वहिनी पाठवायची. मॅट्रिक झाल्यावर दीड वर्ष नोकरी नव्हती, तेव्हा एका यात्रा कंपनीची जाहिरात वाचून भावानं नवस बोलला, की धाकट्याला नोकरी लागली तर त्याच्या हातानं समुद्रातल्या महादेवाला आपल्या विहिरीवरच्या बेलाची पानं वाहवीन. नोकरी लागली. कधी पेरणी, कधी कापूस, कधी माझं लग्न, असं करत जाणं राहिलं, आणि भाऊच गेला. वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्यायचा नवस तेवढा फेडून द्या." त्याआधी तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

मी वहिनीला घेऊन निघालो. यात्रा कंपनी आगगाडीनं मुंबईपर्यंत आणि तिथून बोटीनं कोकण किनाऱ्यानं नेत असे. बंदरात उतरायचं, एक रात्र धर्मशाळेत काढायची, दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं पुढं जायचं. उतरल्यावर दोन प्रकार. 'साधी' यात्रा म्हणजे तुमचं तुम्ही फिरा. 'स्पेशल' म्हणजे माणशी पाच रुपये जास्त, त्यात मोटार आणि गाईड. गाईड म्हणजे काळी छत्री घेतलेला एक वाळका माणूस, तोही बोटीवर आमच्याबरोबरच असे. वहिनीच्या गुडघ्यांकडे पाहून पहिल्या बंदराला मी स्पेशल घेतली. त्यानं आम्हाला अर्धा तास किल्ला दाखवला आणि दीड तास काजूचं दुकान. आम्ही आत होतो तेव्हा तो दुकानदाराशी दारात बोलत उभा होता. मी शेराचं पाकीट हातात घेतलं आणि तिथंच कळलं, की आत पाऊण शेराच्या वर नाही. दुकानदाराला काही बोललो नाही, परक्या गावात भांडण नको. पण छत्रीवाल्याकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली असं मला वाटलं. वळवली असेलच असं आज सांगता येत नाही.

दुसऱ्या बंदराला महादेव होता, तिथं मी साधीच घेतली. आदल्या संध्याकाळी गाईड धर्मशाळेत येऊन सगळ्यांना सांगू लागला, की सकाळी आठला मोटार सुटेल, साडेनऊच्या आत महादेवाच्या खडकावर पोचलं पाहिजे, अकरानंतर महादेव दिसत नाही. घाई लावणारा विक्रेता मला लांबून ओळखू येतो. आज संपलं तर उद्या भाव वाढेल असं म्हणणारे रोज भेटतात.

मी म्हणालो, "काहून? अकरानंतर महादेव जेवाले जाते का?"

सगळे हसले. वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. ती हसली याचा मला फार आनंद झाला. वर्षभरात तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. गाईड म्हणाला, पाणी चढतं हो. मी म्हणालो, आमच्या सक्करदऱ्याचा तलाव सकाळी जिथं असतो तिथंच संध्याकाळी असतो. पुन्हा हशा झाला. तो छत्री घेऊन निघून गेला.

भरती-ओहोटी शाळेत शिकलो होतो. पण वीतभर पाणी मागंपुढं होत असेल, एवढंच माझ्या डोक्यात. आणि 'समुद्रातला' या शब्दाचंही मला काही वाटलं नाही. खाप्याला कन्हानच्या काठावर एक मारुती आहे, त्यालाही लोक नदीतला मारुतीच म्हणतात. तो पुरातसुद्धा कोरडा असतो.

सकाळी स्पेशलवाले गेले. आम्ही सावकाश चहा घेतला, एस.टी.ची चौकशी केली, ती उशिरा आली, पुढं वाळूतून चालणं. वहिनीनं बेलाची पानं ओल्या फडक्यात बांधून पारशिवनीहून आणली होती. ती पुरचुंडी तिनं माझ्या हाती दिली नाही. वाटेत दोनदा बसावं लागलं. पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. तिला सुरूच्या सावलीत बसवून मी पुढं गेलो. समोर नुसतं पाणी. त्यात बरंच आत एक बांबू उभा, त्याला भगवं फडकं. जाळी वाळत घालणाऱ्या बाईला विचारलं, तर तिनं त्या बांबूकडे बोट केलं. "तो काय, त्याच्या खाली. आता उद्या सकाळी." आमची बोट चारला होती.

वहिनीला सांगायचं होतं ते एक वाक्य होतं: मी चुकलो. एक दिवस मागं राहू, कंपनीला जाऊ दे, असंही सांगता आलं असतं. पण मग काल रात्रीचा हशा माझ्यावर उलटला असता, आणि छत्रीवाला खरा ठरला असता. मी परत आलो आणि म्हणालो, "वयनी, तिकडं नाही, इकडं हाय."

वाडीच्या मागं पिंपळाखाली एक कौलारू देऊळ येताना दिसलं होतं. आत पिंड होती, बाहेर कान तुटलेला नंदी. वहिनीनं पुरचुंडी सोडून अकरा पानं एकेक करून माझ्या ओंजळीत ठेवली, कारण नवस माझ्या हातचा होता. मी ती वाहिली. तिनं डोकं टेकलं आणि म्हणाली, "आणलं गा पोराले." देवाशी ती असंच बोलते. बराच वेळ उठली नाही.

बोटीवर स्पेशलच्या बायका कठड्यावर लुगडी वाळत घालत होत्या. काठांना चिखल, पायांना ओरखडे. खडकावर कालवांचे शिंपले असतात, ते कापतात, असं एकमेकींना दाखवून त्या हसत होत्या. वहिनी बघत होती.

"भाऊजी, यायचे पाय काहून ओले?"

"पैसे घेतले तं काही तं कराच लागते," मी म्हणालो. "उगाच पाण्यातून फिरवलं असंल."

तिनं ते खरं धरलं. एवढंच नाही, त्या बायकांत जाऊन सांगितलं, "तुमाले उगाच पाण्यातून हिंडवलं वं. आमाले भाऊजीनं कोरड्या पायानं नेलं." त्यांतली एक, खाप्याची, माझ्याकडे बघत राहिली.

त्या नजरेनं माझी पंधरा वर्षं खाल्ली. ती बाई बाजारात दिसली की मी गल्ली बदलायचो. पारशिवनीला गेलो की कोण काय विचारतं याकडे कान लावून बसायचो. कुणी सहज म्हटलं, की तुम्ही तर बोटीनं जाऊन आले, तर यानं तिच्याकडून ऐकलं का, हा पहिला विचार. आणि वहिनी दर श्रावणात शेजारणींना माझ्यादेखत सांगायची, कोरड्या पायानं. मी मान हलवायचो.

लोक मला अजून विचारतात, यात्रेत ते स्पेशल घ्यावं का. मी म्हणतो, नका घेऊ, काजूच्या दुकानात नेतात. ते खोटं नाही. पण तो माणूस आणखी एक गोष्ट देत होता, पाणी केव्हा उतरतं ते. मी मोटारीचं मोल केलं, किल्ल्याचं केलं, पाकीट तर हातात धरून पाहिलं. ही गोष्ट हिशेबात धरलीच नाही.

यंदा कार्तिकात गावी गेलो होतो. वहिनी अंगणात खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो, दोन-चार शेंगा सोलल्या आणि सगळं सांगितलं. बांबू, जाळीवाली बाई, कान तुटलेला नंदी. तिचे हात थांबले नाहीत. सूप भरत आलं तेव्हा म्हणाली, "मंग त्यायचा नवस राहिलाच."

मी पुढची शेंग उचलली. सूप बाजूला सारत तिनं विचारलं, "पाणी कितीले उतरते?"

विचारतो, म्हणालो.

नागपूरला आल्यावर यात्रा कंपनीत गेलो. छत्रीवाला आता नाही, बोटीही बंद झाल्या, बसनं नेतात. टेबलामागचा माणूस म्हणाला, तिथी सांगा, तिथीप्रमाणे वेळ बदलते. पंचांग तर माझ्या घरात त्याही वर्षी होतं. हा तरी खरं सांगतोय का, म्हणून मी तोच प्रश्न तीन वेगळ्या तिथी घेऊन विचारला. तो वैतागला, पण दर तिथीला वेळ पाऊण तासानं पुढं सरकत गेली, हिशेब जुळला. स्पेशलची दोन तिकिटं घेतली.

ती दाखवायला गावी गेलो, तर वहिनीनं एक परत केलं. गुडघे आता खाटेवरून उतरू देत नाहीत. तिनं माझ्या पुतण्याकडून पानं तोडून घेतली होती. मोजून अकरा, ओल्या फडक्यात. या वेळी पुरचुंडी तिनं माझ्या हाती दिली. मी पाया पडलो, निघालो, दारापर्यंत पोचलो तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"भाऊजी, आल्यावर पाय दाखवजा."