पोट बदलायचा दिवस

पेई-रुंग माझ्या शेजारच्या गाळ्यावर मासे साफ करते. आमच्याकडे तळ्यात वाढवतात तो साबाही मासा चवीला गोड, पण अंगात काटेच काटे. पूर्वी लोक निमूटपणे काटे काढत खायचे. आता गिऱ्हाईक म्हणतं, काटे काढूनच द्या. तेच पेई-रुंगचं काम. डाव्या हातानं मासा उलगडून धरायचा, उजव्या हातातल्या चिमट्यानं एकेक काटा ओढायचा आणि मांस फाटू द्यायचं नाही. सगळी सकाळ हात बर्फात. ती बोलते कमी. माझं तोंड दिवसभर चालू असतं, म्हणून आमचं पटतं.

लग्न होऊन ती आमच्या गावात आली तेव्हा तिशीच्या आत होती. नवरा रुई-पिन भाड्याची तळी सांभाळतो. भला माणूस, पण माशांची काळजी करून करून केस गेले बिचाऱ्याचे. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली तसं बाजारातल्या बायकांनी विचारायला सुरुवात केली. पुढे सल्ले द्यायला लागल्या. त्याच्याही पुढे गप्प बसायला लागल्या, आणि ते मात्र तिला फार लागायचं. एकदा मला म्हणाली, "ताई, माझ्यासमोर कुणी नातवंडांचं नाव काढत नाही आता. मी काय मेलेय का?"

वैद्याचे काढे झाले. मूल देणाऱ्या देवीला फुलं वाहून झाली. गावातल्या दवाखान्यात गेली, तर तिथला डॉक्टर म्हणाला, टेन्शन घेऊ नका, फिरून या कुठेतरी. फिरून या! तळ्यावर नवरा, बाजारात बायको, फिरणार कोण आणि कधी? त्यात पाच वर्षं गेली. मग मीच एकदा तिला टेम्पोत घालून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि स्पष्ट सांगितलं, "आधी यायला हवं होतं. बीजं कमी उरलीत."

आधी कशी येणार? शहर लांब, तपासण्या नेमक्या सकाळच्या, आणि सकाळीच आमचा बाजार. सुटी मागितली की मालक विचारणार, कशाला? आणि मालकाच्या बायकोला कळलं की गावाला कळलंच. तरी जात राहिली. बीजं बाहेर काढून, इस्पितळात गर्भ करून तो परत पोटात ठेवायचा, असा उपचार ठरला होता. पोटात घ्यायची इंजेक्शनं माझ्या गाळ्यावरच्या थंड पेटीत, कोळंबीच्या खाली दडवून ठेवायची. वेळ झाली की मागच्या संडासात जाऊन स्वतःच टोचून यायची आणि पुन्हा चिमटा हातात.

पहिल्या खेपेला गर्भ राहिला. दुसऱ्या महिन्यात गेला. ते तिनं आपल्या आईला सांगितलं, आणि तिथे घोटाळा झाला.

तिची आई म्हणजे खिम-मावशी. पलीकडच्या गावात भाजी विकते. मनानं वाईट नाही हो, पण पोटात काही राहत नाही बाईच्या. सुखाचं राहत नाही, दुःखाचं तर त्याहून नाही. लेकीचं मूल गेलं म्हणून ती रडत बसली भाजीच्या ओळीत, आणि जो येईल त्याला सांगत राहिली. पालक घ्यायला आलेल्या मास्तरणीला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं. आठवडाभरात आमच्या बाजारातल्या बायका पेई-रुंगच्या हातात आल्याच्या वड्या कोंबायला लागल्या. ती "बरं" म्हणायची आणि घ्यायची. त्या दिवसापासून आईला तिनं उपचारांचं अवाक्षर सांगितलं नाही. आईनं विचारलं की म्हणायची, "सोडलं ते सगळं."

मावशीनं ते खरं मानलं. लेकीनं सोडलं, म्हणजे आता आपणच काहीतरी केलं पाहिजे, असं तिनं ठरवलं.

दुसरी खेप वाया गेली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची स्वतःची बीजं घेऊन एवढा एकच प्रयत्न. यानंतर मी तुम्हाला हो म्हणणार नाही." सोनोग्राफीत बीजाच्या तीन पिशव्या दिसत होत्या. तीनच. पेई-रुंगनं मला फोटो दाखवला. मला तर काळे ठिपके दिसले, पण मी म्हटलं, "छान आहेत गं."

बीजं काढायच्या आधी एक शेवटचं इंजेक्शन असतं. ते टोचलं की ठरलेल्या तासाला बीजं काढलीच पाहिजेत. उशीर झाला तर ती पिशवीतून आपोआप सुटतात आणि हाती काही लागत नाही. ते इंजेक्शन तिनं घेतलं होतं. भूल देणार, म्हणून सकाळी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असं बजावलं होतं.

आणि नेमकी त्याच दिवशी थंडीची लाट आली. साबाहीला थंडी अजिबात सोसत नाही. तळीच्या तळी मासे उताणे पडतात. रुई-पिन आदल्या दिवशीपासून तळ्यावर होता, पंप चालू ठेवत. त्याच्याकडून जे लागतं ते इस्पितळानं आधीच घेऊन गोठवून ठेवलं होतं, म्हणून त्याच्यावाचून अडणार नव्हतं. पेई-रुंग घरी एकटी, कपडे करून, पिशवी भरून माझी वाट पाहत बसली होती.

उजाडता उजाडता मागचं दार वाजलं. तिला वाटलं मीच. दार उघडलं, तर आई. हातात झाकण घट्ट लावलेलं भांडं.

आमच्याकडे एक रीत आहे. सुनेला दिवस राहत नसले किंवा राहून गेले, तर माहेरच्या माणसानं डुकराचं पोट उकडून त्याचं सूप घेऊन यायचं. त्यानं बाईचं पोट बदलतं म्हणतात. जुनं जातं, नवं येतं. पण आणणाऱ्यानं मागच्या दारानं यायचं आणि कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. खाणारीनंही नाही. पलंगावर बसून खायचं, आणणाऱ्या माणसानं रिकामं भांडं घेऊन आल्या पावली परत जायचं. 'येते' म्हणायचं नाही. तोंडातून शब्द गेला की सगळं फुकट, आणि खिम-मावशीच्या माहेरी तर मानतात की ते पुन्हा करता येत नाही. मावशीनं देवळात विचारून दिवस काढला होता. तो हा दिवस. आयुष्यात पहिल्यांदाच ती बाई तोंड बंद करून लेकीच्या घरी आली, आणि तेही आजच!

मी पोचले तेव्हा ती निघून गेली होती. पेई-रुंग टेम्पोत बसली. गाव मागे पडलं. मग म्हणाली, "ताई, आई आली होती."

"इतक्या सकाळी? कशाला?"

"पोट घेऊन."

मी गाडी कडेला घेतली. "खाल्लंस?"

"थोडं."

"अगं बाई, अक्कल गहाण ठेवलीस काय! उपाशी राहायचं होतं ना तुला?"

"बोलायचं नव्हतं."

"मान तर हलवता येते! हात जोडायचे, भांडं झाकून ठेवायचं, काहीही करायचं!"

"मान हलवली मी. तिला वाटलं, मला नको आहे." ती बाहेर बघत होती. "ती समोर उभी होती, ताई. चमचा तिनंच भरला. एवढी थंडी, आणि ती स्कूटरवरून आलेली. बोलले असते तर तिचं वाया गेलं असतं, खाल्लं तर माझं. मला काही सुचलंच नाही. म्हटलं, दोन-चार चमच्यांनी काय होतंय." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? मलाही खायचं होतं. न जाणो, त्यानंच झालं तर."

माझं डोकं फिरलं होतं. एवढी वर्षं इंजेक्शनं टोचून घेतलेली बाई! पण ओरडून काय होणार? मी गाडी काढली.

"हे बघ," मी म्हटलं, "तिथे विचारलं की सांगायचं, काही खाल्लेलं नाही. चार चमचे कुणाला कळतात?"

ती मांडीवरच्या पिशवीचे बंद बांधत होती.

इस्पितळात नर्सनं गाऊन दिला, हातात सुई घातली आणि विचारलं, "शेवटचं खाणं कधी?" मी पेई-रुंगकडे डोळे वटारून बघत होते. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"आज सकाळी. सूप. आणि पोटाचे दोन तुकडे."

नर्स थांबली. आत गेली. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. चिडल्या होत्या. "तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं? भूल दिल्यावर पोटातलं वर येतं, फुप्फुसात जातं. माणूस मरतो अशानं. मी भूल देणार नाही."

"मग थोडं थांबून द्या ना," मी म्हटलं.

"पोट रिकामं होईपर्यंत थांबलं तर बीजं सुटून जातील. तुम्ही कोण?"

"शेजारीण."

"शेजारीणबाई, बाहेर बसा."

मी काही बाहेर बसले नाही. पेई-रुंगनं विचारलं, "भूल न देता काढता येतील?"

डॉक्टरीणबाईंचा आवाज जरा उतरला. "येतील. जागच्या जागी बधीर करता येतं थोडं. पण तुमचा डावीकडचा अंडाशय फार वर, आतड्यामागे आहे. सुई तिथवर न्यायची म्हणजे दुखणार. आणि तुम्ही हललात तर मी तिथेच थांबणार. आतली रक्तवाहिनी फाटायला नको. विचार करा."

"हलणार नाही," पेई-रुंग म्हणाली.

मला आत घेतलं नाही. दाराबाहेर बाकडं होतं, त्यावर बसले. आत उपकरणांचा आवाज, डॉक्टरीणबाईंचं "श्वास घ्या, श्वास सोडा". बराच वेळ पेई-रुंगचा आवाजच नाही. मग एकदा आला. मी कोंबड्यांचे, डुकरांचे आवाज ऐकलेत, बाळंतपणं ऐकलीत, तसला नव्हता तो. दात घट्ट दाबून धरलेले असताना जो निसटतो, तो. आतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हललात. थांबते मी." आणि पेई-रुंग म्हणाली, "नाही, नाही, आता नाही हलणार, परत घाला." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. पुरे."

दोन मिळाली. डावीकडचं राहिलं. नर्सनं हळूच सांगितलं की सगळ्यांत मोठं तेच होतं.

ती चालत बाहेर आली. चेहरा पांढराफटक. खालचा ओठ फाटला होता. मला एवढंच म्हणाली, "ताई, रुई-पिनला फोन करून विचारा ना, मासे कसे आहेत."

दोनातल्या एकाचा गर्भ झाला. तो तिच्या पोटात ठेवला. ती सुटी न घेता कामावर आली, फक्त टोपल्या उचलत नव्हती. टोपल्या मी उचलत होते, आणि मालकानं विचारलं तेव्हा सांगितलं की तिच्या पाठीत उसण भरलीय. रक्त तपासायच्या दिवशी फोन आला तेव्हा तिच्या हातात अर्धे काटे काढलेला मासा होता. ऐकलं, "हो, आभारी आहे" म्हणाली, फोन पुसून एप्रनच्या खिशात ठेवला आणि बाजूची टोपली स्वतःच उचलली. मी विचारलं नाही. विचारायचं राहिलंच नव्हतं काही.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती. पण रुई-पिनला ते झेपलं नाही. थंडीत निम्मी तळी गेली होती, त्यात हे. सासूनं, म्हणजे खिम-मावशीनं, सहज फोन करून विचारलं, पोरगी कशी आहे, तर तो फोनवर रडला आणि सगळं बोलून बसला. इस्पितळ, तीन बीजं, उपास, भूल, सगळं.

दुसऱ्या दिवशी खिम-मावशी आमच्या बाजारात आली. भाजीचा एप्रन तसाच अंगावर. मी मनात म्हटलं, आला आता भोंगा. पण ती पेई-रुंगच्या गाळ्यासमोर येऊन नुसती उभी राहिली. गिऱ्हाईकं बाजूनं जात होती. बऱ्याच वेळानं बोलली, तेही इतकं हळू की मला कान द्यावा लागला.

"माझ्यामुळे गेलं ना गं?"

पेई-रुंगनं चिमटा खाली ठेवला. हात पुसले.

"कोण म्हणालं?"

"जावईबापूंनी सांगितलं. मी खायला घातलं म्हणून तुला भूल दिली नाही. तुला तसंच... आणि एक राहून गेलं."

"त्यांना काय माहीत? ते तळ्यावर होते." पेई-रुंगचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. "तीनही निघाली, आई. मला दुखलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाल्या, बीजंच कमजोर होती, कुणी काही केलं असतं तरी हेच झालं असतं."

मावशी माझ्याकडे वळली. "खरं का हो, ल्यानताई? तुम्ही होतात ना तिथे?"

पेई-रुंगही माझ्याकडे बघत होती. ओठावरची खपली अजून गेली नव्हती.

"होते की," मी म्हटलं. "तीन निघाली. मी मोजली."