पिरोजाच्या कड्याचा जोड

सातारा सोडताना बायकोकडून एकच ताकीद मिळाली होती. "घासाघीस हवी तेवढी करा, पण आहे ते हरवून येऊ नका." आहे ते म्हणजे माझ्या बंडीच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेलं एक चांदीचं कडं. दोन बोटं रुंद, उघड्या तोंडाचं, मधोमध पिरोजाचे तीन खडे. थोरल्या भावाच्या बायकोचं, म्हणजे माझ्या वहिनीचं.

वहिनीला मी पाहिलं ते लग्नात आणि पुढे दोनचार सणांना, तेही पदराआडून. दादा धुळ्याला शाळामास्तर होता, संसार त्यांचा तिकडेच. इंदू दीड वर्षाची असताना वहिनी गेली. दादा पोरीला घेऊन घरी आला, पण बायकोचं नाव म्हणून त्यानं पुन्हा काढलं नाही, आणि चारपाच वर्षांत तोही गेला. इंदूला आम्ही वाढवलं. आता माघात तिचं लग्न ठरलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "बोल पोरी, काय करू तुला?"

"काका, सोनं नको. ह्या कड्याचा जोड आणा. आईची एवढी एकच वस्तू माझ्याजवळ, तीही अर्धीच."

आता सांगा, नाही कसं म्हणणार? दुसरं कडं सामान हलवताना कुठंतरी पडलं असणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. ऐन लढाईचे दिवस, त्यात पौष महिना. पौषात कुणी दागिना घेतं का, म्हणून घरात कुरकुर झाली. म्हटलं, मुहूर्त बघत बसलो तर लग्न उरकून जाईल. निघालो.

खानदेशात सराफी नावाजलेली ती जळगावची, म्हणून आधी तिथं उतरलो तो थंडीनं दात वाजत होते. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची ही रांग! पांढरे पुंजके रस्ताभर उडत होते आणि बैलांच्या शिंगांनासुद्धा चिकटले होते. धर्मशाळेत पथारी टाकली आणि मला अक्कल सुचली. कडं काळवंडलंय, असं बाजारात कसं दाखवायचं? आचाऱ्याकडून मूठभर चिंच मागून घेतली आणि खसाखसा घासलं. चांदी चकचकीत झाली. मी स्वतःवरच खूश.

सराफ बाजारात पौषामुळे शुकशुकाट होता. एका म्हाताऱ्या सराफानं गादीवर बसवून घेतलं, चहा मागवला आणि कडं हातात घेताच कपाळावर हात मारला.

"चिंच लावली?"

"लावली. का?"

"अहो, चिंचेनं चांदी उजळते, पिरोजा मरतो! हे बघा, कडेला पांढरा पडला. घरात बाईमाणसाला विचारायचं तरी."

माझा चेहरा पडला. इंदूच्या आईची वस्तू, आणि मी गाढवानं तिची ही गत केली. तरी वाकडं बोलायची खोड जाते थोडीच! म्हटलं, "खडे आधीच हिरवे पडलेले. नकलीच असणार."

"उलट भाऊ. जो निळा आहे ना, तो अजून कुणी घातलेला नाही." त्यानं डबा उघडून नवी कडी मांडली. आभाळासारखे निळे खडे, कड नाजूक, सुबक. "हा नवा माल. इराणचा खडा आता लढाईमुळे येत नाही, तेव्हा काही खरे, काही काच. मी खोटं सांगणार नाही. पण तुमचा पिरोजा बाईच्या अंगचं तेल, घाम पिऊन हिरवा झालाय. वर्षानुवर्षं हातातून काढलेला नसणार."

वहिनीचा हात कसा होता, मला आठवत नव्हता. आणि हा परका माणूस तिच्या हाताबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगत होता.

इंदूचं सगळं त्याला सांगितलं आणि त्याच्या डब्यातली सहा कडी लावून बघितली. जुनी दोन होती, पण ती जाड आणि खडे चौकोनी. नव्यांतलं एक हुबेहूब वाटलं. मी ते घेणारच होतो, तर सराफच म्हणाला, "विकतोय मी, पण मुलगी फसेल का? कडेचा हा पीळ धुळ्याचा आहे. तिथं जाऊन विचारा आधी." गिऱ्हाईक हातचं घालवणारा सराफ मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. खड्यावरून त्यानं तिळाच्या तेलाचं बोट फिरवून दिलं, त्याचेही पैसे घेतले नाहीत.

धुळ्याची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, पेट्रोल पलटणीला. मागच्या टाकीत कोळसे धुमसत, क्लीनर भाता मारी, आणि गाडी आमच्यावर उपकार केल्यासारखी निघे. एरंडोलच्या पुढं चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायचं, भाडं देऊन वर हमाली! पारोळ्याशी ती पुरतीच बसली. शेजारच्या शेतकऱ्यानं फडकं सोडून कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि वांग्याचं भरीत पुढं केलं.

"खा भाऊ, लाजू नका."

पहिल्याच घासाला डोळ्यांतून धारा. तो मिश्किल हसून म्हणाला, "सातारकर ना? मिरची आमचीच तिखट शे (आहे)." मीही हट्टाला पेटलो आणि भाकरी संपवली. आणि खरं सांगतो, तसं भरीत पुन्हा कुठं मिळालं नाही.

धुळ्याला सोनारआळीत विचारत विचारत तिसऱ्या दुकानी पोचलो. नाना सोनार बागेसरीपुढं (कोळशाच्या शेगडीपुढं) फुंकणी घेऊन बसले होते. सत्तरी उलटलेली. कडं बघितलं आणि फुंकणी खाली ठेवली.

"हाई तं मन्हं काम शे!" (हे तर माझं काम आहे!) मग माझ्याकडे निरखून म्हणाले, "मास्तरांचे कोण तुम्ही?"

"धाकटा भाऊ. ह्याचा जोड हरवला. दुसरं करून द्याल?"

"हरवला? कुणी सांगितलं? अहो, जोडानं विकलेला माल कुणी फोडत नाही, अपशकुन म्हणतात. मी दोघींना बजावलं, बायांनो, जोड फोडू नका. ऐकतील तर शपथ! मास्तरीणबाईंनी एक घातलं, दुसरं शेजारच्या अक्कानं. माझ्यासमोर, ह्याच पायरीवर. उभ्या जन्मात असं गिऱ्हाईक दुसरं नाही आलं."

कडं हरवलं नव्हतंच. ते कुणाच्या तरी हातात होतं.

अक्काचं तेलघाण्याचं घर नानांनी स्वतः दाखवलं. अक्का ओसरीवर तीळ पाखडत होती. पंचेचाळिशीची, ठसठशीत बाई. मी नाव सांगितलं, इंदूचं लग्न सांगितलं, तर सूप तसंच हातात. "ती पोर? आते एवढी मोठी व्हई गयी?" (आता एवढी मोठी झाली?) आणि डोळ्याला पदर लावला. त्या हातात कडं होतं. खडे पानासारखे हिरवेगार, तेलात मुरलेले.

मी मागण्याआधीच तिनं ओळखलं. कड्याला हात घातला, पण ते निघेना. वीस वर्षांत मनगट भरलं होतं. साबण लावून झाला, तेल तर घरचंच. नानांनी कड्याचं तोंड तपासून मान हलवली. "जुनी चांदी ताठलीय. फाकवली तर एकतर निघेल, नाहीतर मोडेल. एकदाच जोर लावायचा, दुसऱ्यांदा नाही."

"काढ नाना," अक्का म्हणाली. "पोरनं लगीन शे." (मुलीचं लग्न आहे.)

नानांनी पकड लावली. अक्कानं हात पुढं धरला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. लहान पोर सुई टोचून घेताना फिरवतं ना, तसं. मी इतक्या लांबून त्याच कड्यासाठी आलो होतो. इंदूला शब्द दिला होता. पण माझ्याच्यानं बघवेना.

"थांबा नाना," मी ओरडलोच. "नको. राहू द्या."

"मंग पोरले काय सांगशात?" (मग मुलीला काय सांगाल?) अक्का रागावून म्हणाली.

"अक्का, तुम्हीच चला ना. लग्नाला. कड्यासकट."

ती घाण्याकडं बघायला लागली. तिचे यजमान, आबा, इतका वेळ बैलामागं मुकाट्यानं उभे होते. ते तिथूनच म्हणाले, "जाय ना मंग. घाणा काय पळी जाई का?" (जा ना मग. घाणा काय पळून जाणार आहे?)

परतीचा प्रवास कसा झाला विचारू नका. अक्काबरोबर तेलाची बुधली, तिळाचे लाडू, आणि इंदूच्या घरी मिरची मिळत नसेल म्हणून मिरच्यांचं पोतडं. रेल्वेत बाई पहिल्यांदाच बसलेली. मनमाडला गाडी बदलेपर्यंत तिनं अर्धा डबा ओळखीचा करून टाकला. मला मात्र धास्ती. मागितला जोड, आणि घेऊन चाललो पाहुणी. इंदू हिरमुसली तर?

टांगा दारात थांबला. इंदू धावत आली, माझ्या हाताकडं बघितलं, रिकामा. मग अक्काच्या मनगटाकडं नजर गेली आणि ती जागच्या जागी थबकली. मी अडखळत सगळं सांगितलं. अक्कानं तिच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. इंदूनं कड्याला हातसुद्धा लावला नाही. एवढंच म्हणाली, "आई कशी होती हो?"

मान खाली गेली माझी. वीस वर्षांत हा प्रश्न तिनं आम्हाला विचारला नव्हता, कारण आमच्याजवळ उत्तर नाही हे पोरीला कळत होतं.

"तुन्ही माय?" अक्का म्हणाली. "ती हासे ना, तं आमना घाणाना बैल उभा ऱ्हाई जाये!" (ती हसायची ना, तर आमच्या घाण्याचा बैल थांबून जायचा!)

आणि इंदू हसली. खळखळून, मोठ्यानं, अंगणभर.

"असंच!" अक्का ओरडली. "हाईच! हाईच!" (हेच! हेच!)

आमच्या मंडळींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. 'मुलीच्या जातीनं इतक्या मोठ्यानं हसू नये' म्हणून आम्ही दोघं त्या हसण्याला लहानपणापासून दटावत आलो होतो. आईची एकच वस्तू पोरीजवळ आहे असं आम्ही समजत होतो. दुसरी तिच्या गळ्यातच होती, आणि तिच्यावर आम्हीच हात ठेवून बसलो होतो.

त्या दिवसानंतर आमच्या घरात इंदूला कुणी हसताना थांबवलं नाही.