राणीचं रडणं आणि जमानत

नागपूरहून वकिलीची पदवी घेऊन आलो, तेव्हा गोंदियाचे वकील स्टेशनावर हार घेऊन उभे असतील असं मला वाटत होतं. उभा होता फक्त टांगेवाला, तोही दुसऱ्याच कुणासाठी. सौंदडला धान पिकवणाऱ्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, "रोवना लागेपर्यंत कोनी ठेवलं तं ठीक. नाही तं कोट काढ अन् चिखलात उतर."

कोर्टातले वकील माझी पदवी पाहून खूश व्हायचे आणि उद्या यायला सांगायचे. शेवटी एका बुजुर्ग वकिलांनी आत बसवलं. त्यांचा घसा कायमचा बसलेला. पदवीकडे त्यांनी बघितलंही नाही. "कानून तो किताब में है. आवाज है क्या? दंडारीत काम केलं कधी?"

दंडार हे आमच्याकडचं गावातलं नाटक. त्यात मी एकदा लुगडं नेसून वनवासातली राणी झालो होतो. माझं रडणं ऐकून बाया ढसाढसा रडल्या, आणि पोराने लुगडं नेसलं म्हणून वडिलांनी मला काठीने बडवलं. हे मी मान खाली घालून सांगितलं. वकीलसाहेब मात्र खुलले. "उद्या एक जमानत आहे. मिळाली तर राहा, नाही तर राम राम."

दुसऱ्या दिवशी वडील मला न्यायलाच आले; धानाच्या लावणीचा रोवणा लागला होता. ते कोर्टात मागच्या बाकावर बसले. तळ्याचं पाणी चोरून आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, वळवलं म्हणून एका शेतकऱ्याला पकडलं होतं. मी पाठ केलेली कलमं म्हणू लागलो. मॅजिस्ट्रेट सह्या करत राहिले. वकीलसाहेबांनी मागून माझा कोट ओढला. "राणी! राणी!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं. घरात उपाशी पोरं, बांधीत सुकणारे धानाच्या रोपांचे पऱ्हे, आणि वर राणीचे सगळे हुंदके, एकही न गाळता. शिपायाने नाक पुसलं. मॅजिस्ट्रेटांनी घाईघाईने जमानत दिली, बहुधा मी थांबावं म्हणून.

वकीलसाहेबांनी मला माझी खुर्ची दाखवली. तिचा एक पाय हलत होता, पण ती माझी होती. वडील बाहेर लिंबाखाली उभे होते. ते काठी शोधत असावेत असं मला वाटलं.

"तेच रडनं होतं ना गा, राणीचं?"

मी हो म्हटलं. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले.

"मंग तवा मी तुले कायले मारलो?"