मोहाखालची गाडी

विजेवर चालणारी ती गाडी दारात आली, त्या दिवसापासून ती फोडून टाकावी असं मला वाटत होतं. गाडीचा काही गुन्हा नव्हता, निदान तेव्हा तरी. माझा नवरा कागद कारखान्यातून निवृत्त झालेला. जन्मभर यंत्रांच्या गोंगाटात राहिला आणि म्हातारपणी त्याला आवाज न करणाऱ्या गाडीचं वेड लागलं. आवाज नाही, धूर नाही, किल्लीसुद्धा नाही. फोन खिशात ठेवून जवळ गेलं की दार उघडायचं आणि एसी कमी करायचा तरी समोरच्या पडद्यावर बोट घासायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा, हे शाळेच्या भिंतींनाही ठाऊक आहे. "नाकापेक्षा मोती जड," मी म्हणाले. तो हसला. तो नेहमी हसतो आणि माझा राग दुप्पट होतो.

चौदा एप्रिलच्या जयंतीला बहिणीच्या गावी जायचं ठरलं. ती माझी थोरली बहीण. आम्ही तिला बाई म्हणतो. आई लवकर गेली तेव्हा बाईनं शाळा सोडली आणि मला शाळेत घातलं. माझी वेणी तिनं घातली, माझ्या पाठीत धपाटे तिनं घातले आणि माझं लग्नही तिनंच जमवलं. तिचं गाव आलापल्लीच्या पुढे, एटापल्लीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर जंगलात. नवरा वारल्यापासून ती मुलाकडे राहते. थोडं धान, चार शेळ्या आणि घरामागे मोहाचं एक जुनं झाड, एवढा तिचा पसारा.

आलापल्ली सोडलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या रेघा एकेक करून गेल्या. नकाशा थिजला. आम्ही सागवानातून चाललो होतो आणि नकाशात मात्र अजून मागच्या पेट्रोल पंपापाशी उभे होतो. मग आपोआप वायपर सुरू झाले. एप्रिलचं ऊन, काचेवर थेंब नाही, आणि ते दोन दांडे कोरडी काच खरवडत राहिले. बंद करायचे तर पडद्यावरून आणि पडदा बोटाला दाद देईना. एसी तर असा सुटला की मी पदर कानावरून घेतला. मधूनमधून गाडी गोड आवाजात सांगायची, सर्व्हरशी संपर्क तुटला आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पायातली चप्पल काढली आणि पडद्यावर हाणली.

"अगं, तो फुटला तर गाडी चालणार नाही," नवरा म्हणाला.

"मग फुटूच दे."

बाईच्या गावात नेटवर्क एकाच जागी येतं, तेही कधीमधी: तिच्या मोहाच्या झाडाखाली. अख्खं गाव तिथे फोन घेऊन येतं. कुणी फांदीला पिशवी बांधून त्यात फोन ठेवून जातं, कुणी बाज टाकून तिच्यावर उभं राहून बोलतं. नवऱ्यानं गाडी सरळ त्या झाडाखाली नेली.

"इथी नका लावू जी जवाईबापू," बाई म्हणाली. "मोह पडून राह्यला. सारी गाडी चिकट होईन."

पण तो ऐकतो कुठे! गाडीला नेटवर्क मिळालं की ती आपोआप ताळ्यावर येईल, असं त्याचं म्हणणं. मग त्याचा दवाखाना सुरू झाला. स्टिअरिंगवरची दोन बटणं दाबून धरली. पडदा काळा झाला, परत आला, वायपर थांबले, जमलेल्या बाया-पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि वायपर पुन्हा सुरू झाले. बॉनेट उघडून छोट्या बॅटरीची तार काढली, थोड्या वेळानं लावली. वायपर थांबले. पण आता पडदा कोराच राहिला. शेवटी त्यानं खाली उतरून गाडी लॉक केली आणि फोनमधल्या अॅपमधून लॉगआउट केलं. पुन्हा लॉगिन केलं की सगळं सुरळीत होतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं.

लॉगिन करायला ओटीपी लागत होता. ओटीपी यायला नेटवर्क लागत होतं. गाडीसोबत किल्लीचं एक कार्डही मिळालेलं होतं, पण ते चंद्रपुरात, घरच्या कपाटात होतं, कारण "फोन असताना कार्ड कशाला" हे त्याचंच वाक्य. आमचे कपडे, बाईसाठी जयंतीला घेतलेलं पांढरं लुगडं, माझ्या गोळ्या, सगळं आत आणि आम्ही बाहेर. त्या वेळी मी त्याला जे बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

संध्याकाळी एक शेळी पाला ओढायला बॉनेटवर पुढचे पाय ठेवून उभी राहिली आणि गाडी किंचाळली. सगळे दिवे लपलपायला लागले, भोंगा थांबेना. शेळ्या उधळल्या, कोंबड्या छपरावर गेल्या, कुत्री शेपटी घालून नाल्याकडे पळाली. बऱ्याच वेळानं ती आपणहून गप्प झाली.

"पाहिलंस?" नवरा अभिमानानं म्हणाला. "नेटवर्क नसलं तरी अंगाला हात लावू देत नाही."

"माय वो!" बाई म्हणाली. "मुकी मुकी म्हणता बोंबलली की."

मोहाचा फुलोरा पहाटे पडतो आणि उजाडायच्या सुमाराला वेचायचा असतो. अस्वलालाही तो तेवढाच आवडतो. म्हणून आमच्याकडे मोहाखाली कोणी मुकाट्यानं जात नाही. बाईजवळ तेलाचा एक जुना डबा आहे. तो काठीनं बडवत जायचं आणि वेचतानाही मधूनमधून बडवायचा. "आवाज देल्ला की अस्वल आपल्या मनानं बाजूले होते," बाई सांगायची. "त्याले बी भांडन नाई पायजे असते." दुसऱ्या दिवशी ती तशीच निघाली, डबा बडवत, मागे टोपली घेऊन मी आणि खांद्यावर कुऱ्हाड टाकून भाचा.

नवरा आमच्या आधीच तिथे होता. बाजेवर उभा राहून, हात उंच करून, फोन फांदीपर्यंत नेलेला. फोनचा स्पीकर सुरू होता. आणि त्या क्षणी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लागला.

"शांत! शांत राहा जरा! लागला!" त्यानं दुसरा हात आमच्याकडे उगारला.

बाईनं डबा तिथल्या तिथे खाली ठेवला. मी तोंड उघडणार तर तिनं डोळ्यांनीच मला दटावलं. "जवाई बोलून राह्यले," ती पुटपुटली. घरच्या जवायानं गप्प म्हटलं की गप्प, हे तिच्या हाडीमासी मुरलेलं. ती वाकून मोह वेचायला लागली. मीही वाकले.

"सर, क्या आप गाडी के पास खडे हैं?" फोनमधला पोरगा विचारत होता.

"हां, हां, पास ही है."

"सर, स्क्रीन पर क्या दिखाई दे रहा है?"

"अरे बाबा, स्क्रीन अंदर है, मैं बाहर हूं!"

मला हसू आलं. मी बाईकडे बघायला मान वर केली आणि तिच्या मागच्या झुडपातून काळं काहीतरी उठताना दिसलं. ते उठतच राहिलं. माणसाएवढं झालं. बाई वळली, आणि अस्वलानं तिच्या चेहऱ्यावर पंजा मारला.

ती ओरडली नाही. ओरडायला वेळच मिळाला नाही. ती उताणी पडली आणि ते तिच्यावर चढलं. त्याचा घरघरणारा आवाज आणि त्याखाली तिचे हात, तोंड झाकायला धडपडणारे. भाच्यानं धावत जाऊन त्याच्या पाठीत कुऱ्हाडीचा दांडा हाणला. अस्वलानं वळून एका फटक्यात त्याला लोळवलं. कुऱ्हाड माझ्या पायाशी येऊन पडली आणि ते परत बाईकडे फिरलं. नवऱ्यानं बाजेवरून उडी टाकली, फोन फेकून मारला, मग बाजच उचलून त्याच्या अंगावर घातली. त्याला त्याचं काहीच नव्हतं. मी ओरडले. भरल्या शाळेला गप्प करणारा माझा आवाज मी सगळाच्या सगळा ओरडले. ते ढिम्म हललं नाही. खाली पडलेला पिवळा मोह लाल झाला होता. बाई मरत होती आणि मी बघत होते.

तेव्हा मला शेळी आठवली.

मी कुऱ्हाड उचलली आणि बाईकडे पाठ फिरवून पळाले.

"मावशी!" भाचा जमिनीवरून ओरडला. "काऊन पळून राह्यली? मावशी!"

मी गाडीपाशी पोचले आणि पहिला घाव पुढच्या दाराच्या काचेवर घातला. काचेला जाळी पडली. दुसऱ्या घावाला ती आत सांडली. आणि गाडी किंचाळली. दिवे, भोंगा, सगळं एकदम. त्या पहाटेच्या शांततेत तो आवाज कानात खुपसल्यासारखा शिरला. अस्वलानं डोकं वर केलं. नाकाडावरून बाईचं रक्त गळत होतं. मी बॉनेटवर घातला घाव, छतावर घातला, आरशावर घातला. ते बाईच्या अंगावरून उतरलं, क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि झुडपं मोडत नाल्याकडे गेलं.

ते गेल्यावरही मी थांबले नाही. खरं सांगते, तेव्हा बाईही माझ्या डोक्यात नव्हती. ती गाडी होती फक्त, आणि माझे हात. फुटक्या खिडकीतून मी तो कोरा पडदा फोडला, स्टिअरिंगवर घाव घातला. मला बरं वाटत होतं. नवऱ्यानं मागून येऊन माझे दोन्ही दंड धरले तेव्हा मी त्याच्यावरही कुऱ्हाड उगारली होती. "बाई जिवंत आहे," तो म्हणाला. "अगं, ती जिवंत आहे."

बाईच्या चेहऱ्याची डावी बाजू उरली नव्हती. गाडीतली मलमपट्टीची पेटी मी खिडकीतून ओढून काढली. भोंगा सोडला तर एवढ्या मोठ्या गाडीचा आम्हाला झालेला उपयोग एवढाच. पेटीतलं पुरेना म्हणून ते नवं पांढरं लुगडं फाडलं आणि तिच्या डोक्याला गुंडाळलं. मोहात पडलेला फोन अजून बोलत होता, "सर? सर, आप लाइन पर हैं?" भाचा खरचटलेल्या अंगानं मोटारसायकल घेऊन आला. मधे बाई, मागे मी. तिचं डोकं मी त्याच्या पाठीला टेकवून दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं आणि लोहखनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या त्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला माझ्या बोटांमधून ऊन रक्त यायचं. गावाबाहेर पडलो तरी गाडीचा भोंगा ऐकू येत होता.

आलापल्ली, मग गडचिरोली, मग नागपूर. बाई वाचली. डावा डोळा गेला. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं बोलणं मला धड कळलं नाही, म्हणून मी कान तिच्या ओठांपाशी नेला. "जवाईबापूचं बोलनं झालं का त्या सायबासंगं?" ती विचारत होती. मी बाहेर येऊन ते नवऱ्याला सांगितलं. नेहमी हसणारा हा माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडला. त्यानंच मग मला सांगितलं की त्या सकाळी ओटीपी आला होता. त्यानं मोहातून फोन उचलला तेव्हा त्याची मुदत संपलेली होती.

गाडी टेम्पोवर घालून चंद्रपूरला आणली. कंपनीच्या माणसानं ती तपासली आणि सॉफ्टवेअरमध्ये काही दोष आढळला नाही असं सांगितलं. मी त्याला मारलं नाही, एवढंच. नवऱ्यानं ती आहे त्या भावात काढून टाकली. आता तो कोणालाही गप्प बस म्हणत नाही, मी घर डोक्यावर घेतलं तरीसुद्धा.

पावसाळा सरल्यावर मी बाईकडे गेले. अंगणात बसून मी तिची वेणी घालत होते. जखम भरली होती, पण त्या बाजूला केस उगवत नव्हते.

"तुले एक सांगू?" ती म्हणाली. "मले सारं समजते बरं. तू काऊन पळाली, गाडी काऊन फोडली, पोरानं सारं सांगतलं. तू नसती तं मी नसती. पन ह्या गेलेल्या डोळ्यानं शेवटी काय पाह्यलं मालूम आहे का तुले?"

माझे हात थांबले.

"तुही पाठ," बाई म्हणाली. रागानं नाही. विळा कुठे ठेवला ते सांगावं, तशी म्हणाली. "मले वाटलं, गेली वो मायी पोरगी."

मला राग येईल असं समोर काहीच नव्हतं. ना गाडी, ना अस्वल, ना नवरा. वेणी अर्धी राहिली होती. ती मी पूर्ण केली आणि मग तिच्या पाठीला डोकं टेकून हमसाहमशी रडले.

यंदा मोह पडायला लागला तेव्हा मी रजा काढून गेले. बाईनं टोपली घेतली, मी डबा घेतला. ती माझ्या मागून आणि मी तिच्या पुढून, पण तोंड तिच्याकडे करून, उलट्या पावलांनी, डबा बडवत.

"पडशीन ना वो," बाई म्हणाली. "समोर पाह्य."

मी तिच्याकडेच बघत चालत राहिले.