आवळीच्या ओटीतल्या पाटल्या

आमच्या लालबागच्या चाळीत अंगणच नव्हतं, तर आवळीचं झाड कुठून असणार? म्हणून कार्तिकात सगळ्या बायका डबे घेऊन भायखळ्याच्या बागेत आवळीभोजनाला जायच्या. माझी आत्या सगळ्यांच्या पुढे. ती गिरणीत कामाला होती, विधवा, मूलबाळ नाही, आमच्याच खोलीत राहायची. कुंकू गेलं तरी हातातल्या सोन्याच्या पाटल्या तिने उतरवल्या नव्हत्या. त्या माझ्या लग्नात मलाच मिळणार, हे घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मी तर सगळ्यांच्या आधीच!

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती ती. बाबा सभांनाच जास्त असायचे. त्या वर्षी जेवणं झाली आणि आत्याने आवळीची ओटी भरायला घेतली. विधवेने ओटी भरायची नाही अशी तेव्हा रीत, पण झाड थोडंच नाही म्हणणार? खण, नारळ, तांदूळ... आणि हातातल्या पाटल्या काढून त्यावर ठेवल्या.

"वन्सं!" आई ओरडलीच. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मला ना मूल ना बाळ, ही झाडंच माझी. माझ्यामागे यांच्याकडे कोण बघणार? बागेलाच देतेय."

माळी धावत आला. "अहो मावशी, उचला आधी! अंधार पडायच्या आत कुणीतरी लांबवेल." तो आम्हाला बागेच्या ऑफिसात घेऊन गेला. तिथले साहेब माझगावचे ख्रिस्ती, मराठी मात्र आमच्यासारखंच बोलायचे.

"मावशी, झाडाला सोनं पचत नाही, खत पचतं," ते हसले. "मृत्युपत्र करा. तुमच्यामागे पाटल्या विकून बाग रोपं लावील."

"आणि पोरीच्या लग्नाचं काय?" आई म्हणाली.

आत्या माझ्याकडे वळली. "तू बोल गो. तुझ्या म्हणून ठेवलेल्या."

मला त्या हव्याच होत्या, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "लग्नात घालायला दे. मग घे परत."

साहेब म्हणाले, असंही लिहिता येतं की!

घरी बाबा भडकले. "अगं, मुंबई आपल्याला मिळतेय की नाही त्याचा पत्ता नाही, आणि तू दान करत सुटलीस! उद्या बाग कुणाच्या हातात जाईल?"

"कुणाच्याही जाऊ दे रे. आवळी काय उठून गुजरातेत जातेय?" यावर बाबासुद्धा हसले, आणि आत्याला वकिलाकडे स्वतःच घेऊन गेले.

पुढे राज्य झालं, मुंबईही मिळाली. मी पाटल्या घालून बोहल्यावर चढले आणि मांडव परतणीला आले तेव्हा काढून दिल्या. सासूबाई कुजबुजल्या, कुजबुजू देत. आत्या गेल्यावर मी आणि आमचे हे, दोघं जाऊन पाटल्या बागेत पोचवून आलो. साहेब आता नवे होते. त्यांनी विचारलं, काय लावायचं?

"आवळेच लावा," म्हटलं. "पण जरा लांब लांब लावा हो, आमच्या चाळीतल्या बायका ऐसपैस बसतात."